व्हार्टन काउंटी: भात गेला, भाताचे पैसे राहिले

ह्यूस्टनहून ५९ क्रमांकाच्या महामार्गाने नैर्ऋत्येला निघालं, की शुगरलँड आणि रोझेनबर्ग मागे टाकून साधारण तासाभरात टेक्सासमधली व्हार्टन काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, लागते. शुगरलँड परिसरात मराठी घरं पुष्कळ असल्यामुळे हा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा आहे. या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या शिवारात १९९६ नंतरच्या अठरा वर्षांत शेती-अनुदानाचं जे झालं, ते प्रकरण मी इथे सविस्तर मांडतो आहे. सातबारा, पीएम-किसान, बटई, खंड हे शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत त्यांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. अनुदान नेमकं कोणाला द्यायचं, जमिनीच्या मालकाला की ती कसणाऱ्याला, हा प्रश्न तिथे कायद्याने एका बाजूने सोडवला आणि त्याचा परिणाम शेतात उघड दिसला.

काउंटी तशी लहान. लोकसंख्या सुमारे ४१ हजार, मुख्य गावं दोन: व्हार्टन आणि एल कॅम्पो. जमीन टेबलासारखी सपाट, माती काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पाय न काढू देणारी. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ती लगेच ओळखू येईल. अशा मातीत पाणी मुरत नाही, साचून राहतं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून टेक्सासच्या या किनारपट्टीवर भात आला. पाणी कोलोराडो नदीचं. ग्रँड कॅन्यनमधून वाहणारी कोलोराडो वेगळी. ही ऑस्टिनवरून येऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते. कालवे, बांध, विमानातून बी पेरणं, कापणीनंतर धान वाळवणारे मोठे ड्रायर असा सगळा पसारा भाताभोवती उभा राहिला. एकाच जमिनीत दरवर्षी भात घेत नाहीत. एक वर्ष भात, मग एक-दोन वर्षं जमीन पडीक किंवा गुरांना चरायला, असा फेर असतो.

इथला भात पिकवणाऱ्यांपैकी बहुतांश शेतकरी दुसऱ्याची जमीन कसणारे. मालक ह्यूस्टनला, ऑस्टिनला किंवा आणखी कुठे. कोणी रोख खंड घेतो, कोणी पिकात वाटा. आपल्याकडच्या खंडाने आणि अर्धलीने या दोन पद्धती जशा, तशाच. पुढे जे झालं त्याची मुळं याच रचनेत आहेत.

१९९६ पूर्वी अमेरिकेत भात, गहू, मका, कापूस या पिकांचं अनुदान मोटामोटी पेऱ्याशी आणि बाजारभावाशी बांधलेलं होतं. सरकार एक लक्ष्य-किंमत ठरवायचं आणि बाजारभाव त्याखाली गेला की फरक द्यायचं. या पद्धतीतही दोष होते. कोणतं पीक किती पेरायचं हे शेतकऱ्यापेक्षा वॉशिंग्टनच जास्त ठरवायचं. त्याच सुमाराला जागतिक व्यापार संघटनेचा शेती करार झाला होता आणि त्यात उत्पादनाशी न जोडलेल्या अनुदानाला मोकळीक होती. प्रतिनिधीगृहाच्या कृषी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष, कॅन्सासचे पॅट रॉबर्ट्स, यांनी पुढे रेटलेला कायदा ४ एप्रिल १९९६ ला अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने लागू झाला. ‘शेती करण्याचं स्वातंत्र्य’ हे त्याचं प्रचारातलं नाव.

कल्पना अशी होती: तुमच्या जमिनीवर पूर्वी किती एकर भात होता, ती नोंद म्हणजे ‘बेस एकर’. त्या नोंदीवर सात वर्षं ठरलेली रक्कम मिळेल आणि ती हळूहळू कमी होत जाईल. त्या काळात भात पेरा, सोयाबीन पेरा, गुरं चारा, काहीच करू नका, पैसे तेवढेच. सात वर्षांसाठी एकूण सुमारे ३,६०० कोटी डॉलर. त्यानंतर शेतकरी बाजाराच्या भरवशावर उभा राहील, असा हिशेब.

तसं घडलं नाही. १९९८ पासून शेतमालाचे भाव कोसळले, अमेरिकी संसदेने वर्षामागून वर्ष तातडीची मदत ओतली आणि १३ मे २००२ ला बुश यांनी सही केलेल्या नव्या कायद्याने ही तात्पुरती रक्कम ‘थेट पेमेंट’ म्हणून पक्कीच करून टाकली. देशभरात वर्षाला साधारण ५०० कोटी डॉलर. भाव चढे असोत की पडलेले, रक्कम ठरलेली.

व्हार्टनमधल्या एका एकराचा हिशेब मांडू, म्हणजे पुढचं सगळं उलगडेल. भाताचा थेट पेमेंटचा दर हंड्रेडवेटला, म्हणजे सुमारे ४५ किलोला, २.३५ डॉलर. नोंदीतलं उत्पादन एकरी ४८ हंड्रेडवेट धरा, म्हणजे जवळपास बावीस क्विंटल. पैसे नोंदीच्या ८५ टक्के क्षेत्रावर मिळतात. गुणाकार केला की एकरी सुमारे ९६ डॉलर येतात. गव्हाचा दर बुशेल या तिथल्या धान्याच्या मापाला ५२ सेंट आणि मक्याचा २८ सेंट होता. त्यांचे एकरी आकडे याच्या जवळपासही येत नाहीत. सगळ्या पिकांत भाताची नोंद सर्वांत वजनदार, आणि ती टेक्सासच्या या चार-पाच काउंट्यांत दाट पसरलेली.

आता मालकाच्या जागी बसून बघा. जमीन रोख खंडाने दिली, तर कायद्याप्रमाणे पेमेंट कसणाऱ्याला, कारण जोखीम त्याची. वाट्याने दिली, तर दोघांत विभागून. आणि जमीन कोणालाच दिली नाही, पडीक ठेवून गवत वाढू दिलं, चार गुरं सोडली, तर ‘उत्पादक’ मालक स्वतःच आणि पूर्ण ९६ डॉलर त्याचे. पाण्याचा खर्च नाही, डिझेल नाही, बियाणं नाही, भावाची धास्ती नाही. जमीन शेतीच्या वापरात राहिली पाहिजे, एवढी अट. अशा स्थितीत खंडकऱ्याला दोनच वाटा उरतात. एक, खंड इतका वाढवून द्यायचा की पेमेंट फिरून मालकाच्याच खिशात जाईल. दोन, जमीन सोडायची.

टेक्सासमध्ये दोन्ही घडलं. करार संपले, ते पुन्हा झाले नाहीत. जुन्या भातकऱ्यांनी एकेक तुकडा गमावला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर टेक्सासमध्ये तीन लाख एकरांच्या आसपास भात होता; २००५ मध्ये तो दोन लाखांवर आला आणि २००६ मध्ये दीड लाखावर. ही घट केवळ अनुदानामुळे झाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. भाव पडलेले होते, इंधन महागलं होतं, ह्यूस्टन शहर या बाजूला सरकत होतं. पण पेरणं आणि न पेरणं यांतला फरक जेव्हा इतका कमी असतो, तेव्हा न पेरण्याचे पैसे देणारा कायदा तराजूचं पारडं झुकवतोच. भात घटला की एकटा शेतकरी जात नाही. ड्रायरला धान कमी पडतं, कालव्याची पाणीपट्टी उरलेल्यांच्या माथी येते, विमानाने पेरणी करणाऱ्याचे फेरे घटतात, ट्रॅक्टरच्या दुकानात उधारी वाढते. पेमेंटचा धनादेश मात्र ह्यूस्टनच्या पत्त्यावर वेळेवर पोहोचत राहतो.

याहून विचित्र गोष्ट एल कॅम्पोच्या आसपास झाली. बेस एकर जमिनीला चिकटलेले असतात. जमीन विकली की नोंद नव्या मालकाकडे जाते. बिल्डरांनी जुनी भातशेती घेऊन तिचे दहा-दहा एकरांचे किंवा त्याहून मोठे तुकडे पाडले. एका कोपऱ्यात घर बांधायचं, उरलेल्या जागेत गवत. त्या गवतावर भाताची नोंद जशीच्या तशी. जमीन विकताना ‘वर्षाला सरकारी पेमेंटही मिळेल’ हे सांगितलं जायचं, आणि त्या पैशात एखादा घोडा किंवा दोन-चार गाई पाळता येतात म्हणून अशा प्लॉटना तिथल्या लोकांनी ‘काउबॉय स्टार्टर किट’ असं नाव दिलं होतं. २ जुलै २००६ ला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हे प्रकरण पहिल्या पानावर आणलं, तेव्हा त्यात अठरा एकरांच्या एका निवासी प्लॉटचं उदाहरण होतं. घराच्या मालकाने आयुष्यात भात पेरला नव्हता, आणि त्याला वर्षाला सुमारे १,३०० डॉलर मिळत होते. त्याला स्वतःला हे चुकीचं वाटत होतं आणि त्याने ते उघड सांगितलं. त्याने काहीही लपवलं नव्हतं, कुठे खोटी सही केली नव्हती. सगळं कायद्याच्या चौकटीत होतं. त्याच वृत्तांतात सरकारी नोंदींवरून काढलेला आकडा होता: २००० पासून शेती न करणाऱ्यांना मिळालेले किमान १३० कोटी डॉलर.

मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. आपल्याकडे अनुदानाची चर्चा सुरू झाली की ती बोगस लाभार्थ्यांवर येऊन थांबते. खोटी कागदपत्रं, दलाल, मयताच्या नावावरची उचल. मयतांचा प्रश्न अमेरिकेतही निघाला. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ मध्ये दाखवून दिलं, की १९९९ ते २००५ या काळात १,७२,८०१ मृत व्यक्तींच्या नावे ११० कोटी डॉलर गेले होते. तो देखरेखीचा ढिसाळपणा होता आणि पडताळणी करून तो आवरता येतो. व्हार्टनमध्ये पडताळणी करून काही हाती लागलं नसतं. काउंटीच्या शेती-सेवा कार्यालयात बसलेला कर्मचारी नियमाप्रमाणे काम करत होता. त्या कार्यालयावर देखरेख करणारी समिती तर शेतकऱ्यांनीच मतदानाने निवडलेली असते. नोंद खरी, जमीन खरी, माणूस खरा, सही खरी. फक्त शेती नव्हती.

कायद्यात आणखी एक गाठ होती, तिचाही उल्लेख करतो. बेस एकरांवर काहीही पेरायची मुभा होती, पण फळं आणि भाजीपाला सोडून. कॅलिफोर्निया-फ्लोरिडाच्या भाजीपाला उत्पादकांना अनुदानित स्पर्धा नको होती, म्हणून ही अट. म्हणजे व्हार्टनमधल्या एखाद्या तरुणाने त्या दहा एकरांत टरबूज किंवा टोमॅटो लावायचं ठरवलं तर पेमेंट धोक्यात. काहीच लावलं नाही तर पेमेंट शाबूत. पुढे ब्राझीलने कापसाच्या अनुदानावरून अमेरिकेला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं, तेव्हा याच अटीवर बोट ठेवलं गेलं. फळं-भाज्यांना बंदी आहे, म्हणजे हे पेमेंट उत्पादनापासून पूर्ण मोकळं नाही, असा निर्णय २००४ मध्ये आला आणि २००५ मध्ये अपिलातही तो टिकला. व्यापार करारात बसावं म्हणून जे अनुदान पिकापासून तोडलं, ते तिथेही बसलं नाही.

दुरुस्त्या आल्या, पण तुकड्यातुकड्याने. २००८ च्या कायद्याने दहा एकर किंवा त्याहून कमी बेस असलेल्या शेतांचं पेमेंट बंद केलं. वंचित गटांतले आणि तुटपुंज्या उत्पन्नाचे शेतकरी यांना सूट ठेवली. निवासी प्लॉट पडलेल्या जमिनीची नोंद शोधून कमी करायची तरतूदही त्यात आली. म्हणजे एल कॅम्पोचे प्लॉट यादीतून गेले. पण हजार एकर पडीक ठेवणाऱ्या मालकाला त्याने धक्का लागला नाही. २०१२ मध्ये लेखापरीक्षण कार्यालयाने पुन्हा हिशेब मांडला: २००३ ते २०११ मध्ये दिलेल्या थेट पेमेंटपैकी १,०६० कोटी डॉलर, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, अशांना गेला होता ज्यांनी त्या वर्षी ते पीक घेतलंच नव्हतं. सुमारे २,३०० शेतं अशी होती, की जिथली सगळी जमीन पाच वर्षं पडीक होती. ७ फेब्रुवारी २०१४ ला ओबामांनी सही केलेल्या कायद्याने थेट पेमेंट अखेर बंद झालं.

नव्या योजनेत भाव ठरावीक संदर्भ-किमतीखाली गेला तरच पैसे मिळू लागले. भातासाठी ती हंड्रेडवेटला १४ डॉलर होती. पण पैसे मोजायचे कशावर? पुन्हा जुन्या बेस एकरांवरच. पुढच्या काही वर्षांत लांब दाण्याच्या भाताचा भाव १४ डॉलरच्या खाली राहिला, आणि व्हार्टनमधल्या न पेरलेल्या शेतांनाही पैसे लागू होत राहिले. २०१८ च्या कायद्याने आणखी एक भोक बुजवलं: २००९ ते २०१७ या काळात ज्या शेताची सगळी पीकजमीन गवताखाली किंवा पडीक होती, त्याच्या बेसवर यापुढे हे पेमेंट नाही. १९९६ ची चूक अर्धवट निस्तरायला बावीस वर्षं लागली.

या मधल्या काळात खऱ्या भातकऱ्यांवर काय आलं तेही सांगायला हवं. २०११ च्या भीषण दुष्काळानंतर, २०१२ मध्ये या नदीच्या पाण्याचा कारभार पाहणाऱ्या लोअर कोलोराडो रिव्हर ऑथॉरिटीने व्हार्टन, मॅटागोर्डा आणि कोलोराडो काउंट्यांतल्या बहुतेक भातकऱ्यांचं कालव्याचं पाणी पहिल्यांदाच तोडलं. नंतरची तीन वर्षंही तीच गत. ऑस्टिनच्या वरचे तलाव खपाटीला गेले होते आणि शहराच्या पाण्याला प्राधान्य होतं. ज्याने खंडाने जमीन घेऊन, कर्ज काढून, यंत्रं घेऊन भात टिकवला होता, त्याचंच पाणी गेलं. जमिनीच्या नोंदीवर पैसे घेणाऱ्याला पाण्याच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नव्हतं.

खंडाच्या रकमेत अनुदान किती मुरतं, यावर अर्थशास्त्रज्ञ बॅरेट किर्वन यांचा २००९ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे २५ सेंट वाढीव खंडातून मालकाकडे जातात. तो आकडा सरासरीचा आहे. व्हार्टनमध्ये मालकाच्या हाती ‘जमीन देतच नाही’ हा हुकमाचा पत्ता होता. म्हणून तिथे कसणाऱ्याची बाजू त्याहून कमजोर होती, असं माझं मत आहे.

आता आपल्याकडे. पीएम-किसान ही २०१९ ची योजना जमिनीच्या नोंदीवर चालते. १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावे शेतजमीन, तो पात्र. नंतर वारसाने आलेली चालते, विकत घेतलेली नाही. वर्षाला सहा हजार रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे सहा हजार. ही रक्कम कुटुंबामागे एकच आहे, एकरावर वाढत नाही. त्यामुळे तिच्यासाठी कोणी बटईदाराला हुसकावणार नाही, आणि व्हार्टनशी तिची सरळ तुलना चुकीची ठरेल. काळजी आहे ती एकरी-हेक्टरी मोजल्या जाणाऱ्या पैशांची. अतिवृष्टीची मदत घ्या. केंद्राच्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजार, बागायतीला सतरा हजार. सोयाबीन बटईदाराचं वाहून जातं, बियाणं-खताची उधारी कृषी केंद्रात त्याच्या नावावर असते, आणि मदत सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या बँकेत जमा होते. पीक विम्यात बटईदाराला जागा आहे, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तो करायला मालक तयार नसतो.

मालकाच्या बाजूनेही एक भीती आहे आणि ती खोटी नाही. १९४८ च्या कूळ कायद्यातून पुढे १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि कसणाऱ्या कुळांच्या नावे जमिनी झाल्या. त्या कायद्याने लाखो घरांना जमीन दिली, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्याच आठवणीमुळे आज कुणी बटईचा कागद करत नाही. सगळा व्यवहार तोंडी, पारावर, दोन माणसांच्या साक्षीने. जुन्या बाराच्या उताऱ्यात ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा रकाना असायचा. बहुतेक ठिकाणी तिथे ‘खुद्द’ लिहून विषय संपायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंद होऊ लागली. पीक दिसतं, गट नंबर दिसतो, पण ते पीक कोणाच्या घामाचं आहे हे अजून नोंदीत येत नाही. जिवंत सातबारा मोहिमेने २०२५ मध्ये मयतांची नावं काढून वारसांची लावायला घेतली, ते चांगलं काम आहे. त्यातून मालक कोण हे स्पष्ट होईल, कसतो कोण हे नाही.

तेलंगणाने एकरी पैसे देऊन पाहिले. २०१८ ची रयतू बंधू योजना: सुरुवातीला एकरी हंगामाला चार हजार, पुढे पाच हजार, क्षेत्राला मर्यादा नाही, बटईदाराला जागा नाही. त्याचा परिणाम ओळखीचाच. २०२५ मध्ये तिची जागा घेणाऱ्या रयतू भरोसात सरकारला लागवडीयोग्य नसलेली जमीन वगळावी लागली, त्यात प्लॉट पडलेली जमीनही आली. ओडिशाच्या कालिया योजनेने मात्र २०१८-१९ मध्येच बटईदार आणि भूमिहीन यांना यादीत घेतलं, म्हणजे हे करता येतं. मालकी हक्काला धक्का न लावता एका हंगामापुरती ‘कसणारा’ ही वेगळी नोंद ठेवायची आणि पिकाशी जोडलेला पैसा त्या नोंदीवर द्यायचा. मालकाला लेखी खात्री हवी, की या नोंदीतून कुळाचा हक्क उभा राहणार नाही. नीती आयोगाचा २०१६ चा आदर्श जमीन भाडेपट्टा कायदा याच दिशेचा होता.

अमेरिकेत गोष्ट अजून संपलेली नाही. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने भाताची संदर्भ-किंमत १४ वरून १६.९० डॉलर केली आणि देशभरात तीन कोटी एकरांपर्यंत नवे बेस एकर द्यायचं ठरवलं. ते २०१९ ते २०२३ मधल्या सरासरी पेऱ्यावरून मोजले जातील. ज्या शेतात ती पाच वर्षं खंडकऱ्याने पेरणी केली, तिथे नवी नोंद त्याच्या पेऱ्यावरून तयार होईल आणि चिकटेल जमिनीला. पुढच्या हंगामात त्याच्याशी करार झाला नाही, तर ती मालकाकडेच राहील.